सातवं बटण

कूबर पेडीत दुपारी पान्याला हात लावला
की कातडी पान्यालाच राहते.
म्हणून मी रात्री काम करते.
शेडचं दार उघडं, कपाळावर टॉर्च,
पिकअपचं बॉनेट वर,
आणि आत तातांचं वायरिंग:
एखाद्याचं अक्षर असतं ना,
फक्त त्यालाच लागणारं, तसं.

लाल वायर संपली तिथे हिरवी जोडलेली,
हिरवी संपली तिथे
आईच्या शिलाई मशीनची पांढरी.
सांध्यांवर दवाखान्यातली चिकटपट्टी.
एका फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी.
ओपल खणणारा माणूस, स्टिपान,
जमिनीखाली साठ फुटांवर रंगाची रेघ ओळखायचा,
वायरीच्या रंगाचं मात्र त्याला काहीच नव्हतं.

"काप सगळं, मावशी," डारिओ म्हणतो.
ॲडलेडहून त्याची खोकी आलीत:
दुसरी बॅटरी, बारा खान्यांचा फ्यूज बॉक्स,
विंच, रेडिओ, छपरावरची दिव्यांची पट्टी,
आणि लेबलं छापायचं एक यंत्र,
ज्याच्यावर तो सर्वात खूश आहे.

ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर
उगाच डोळे मिचकावायचा.
दोन रात्री शोधलं.
शेवटी चासीच्या एका बोल्टखाली सापडलं,
बोल्ट घट्ट होता, पण मध्ये रंगाचा थर.
अर्थ लागत नव्हता.
पॉलिश पेपर घेतला,
खालचं उघडं लोखंड चकाकेपर्यंत घासलं,
आणि मग लागला.
इतकंच असतं बहुतेक वेळा.

राहिलं सातवं बटण.

डॅशबोर्डच्या टोकाला, खाली,
लहानपणी माझ्या गुडघ्यांसमोर यायचं.
वाळूचा चढ आला, चाकं फिरायला लागली
की ताता म्हणायचे, "थांब, दोन घोडे जास्त जोडतो."
टक्.
आणि मी शपथेवर सांगते, गाडी चढायची.
मला बॉनेटमध्ये टापा ऐकू यायच्या.

एकदा खाऱ्या तळ्याच्या काठी रुतलो.
रात्रभर.
आई पाण्याचा कॅन पुन्हा पुन्हा हलवून बघत होती.
तातांनी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं.
"झोपलेत," ते म्हणाले.
"त्यांनाही झोप लागते."
मग मीही झोपले.

काल ती वायर धरून निघाले,
मीटरची सुई हातात.
डॅशबोर्डमागून, हीटरच्या पोटाखालून,
लोखंडी पडद्यातल्या रबरी भोकातून पलीकडे,
तिथून चांगली वीतभर पुढे,
आणि मग
नाही.
कशालाच जोडलेली नाही.
ना बॅटरीला, ना चासीला.

टोकाला मात्र टेप तीन पदरी,
वर मेणाचा दोरा, बारीक गाठ.
अख्ख्या गाडीत
एवढं नेटकं काम दुसरं नव्हतं.

मी बराच वेळ टायरवर बसून राहिले.
चहा गार झाला, त्यात एक पतंग पडला.

सकाळी नवं पॅनेल बसवलं.
डारिओनं लेबलं चिकटवली:
विंच. रेडिओ. मागचे दिवे. फ्रिज. पंप. पट्टी.
"सातव्यावर काय छापू?"
"काही नको."
"मग बसवलंस कशाला? आणि ती वायर कुठे जाते?"

जाते आपली. तेवढीच लांब ठेवली आहे,
टोक पुन्हा बांधलं,
मला तशी गाठ जमली नाही.

अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढली.
पट्टी पेटली, आणि खाणींच्या मातीचे ढीग
एकदम उठून उभे राहिले, शेकडो,
पांढरे, दचकलेले.
डारिओ ओरडला आनंदानं.
दिवे एकदाही थरथरले नाहीत.

"पण मावशी, ते बटण?"

चढ आला की सांगेन.